कोळशाच्या खाणीशेजारची आकाशवेधशाळा

खाण हा शब्द उच्चारला की डिचोली तालुक्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. तांबड्या धुळीने माखलेली झाडे, रस्त्याने एकामागून एक धावणारे टिपर ट्रक, पावसाळ्यात गढूळ पाण्याने भरलेले खोल खंदक आणि मांडवीच्या पात्रातून मुरगाव बंदराकडे संथपणे निघालेल्या बार्जी. शिरगाव, मुळगाव, पाळी, वेळगे, सुर्ल या गावांतील किमान दोन पिढ्यांचा चरितार्थ या चित्राशी बांधलेला आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणी प्रथम थांबल्या. २०१४ मध्ये त्यांना मर्यादित परवानगी मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून त्या पुन्हा बंद पडल्या. पुढे लिलाव झाले, काही पट्टे पुन्हा सुरूही झाले. परंतु “जमिनीच्या पोटातले संपले किंवा थांबले, तर गावाने काय करायचे?” हा त्या वर्षांत घराघरांत विचारला गेलेला प्रश्न काही मिटलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या शाळामास्तराला नाही. परंतु पृथ्वीच्या पार उत्तर टोकाजवळ एक मुलूख असा आहे, की जिथे माणसे कोळशासाठी गेली आणि आज तिथेच माणसाची दृष्टी जमिनीच्या पोटातून निघून आकाशाच्या माथ्यावर स्थिरावली आहे. त्या मुलखाशी आपल्या गोव्याचा संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. त्या हिमभूमीत भारताचे जे संशोधन केंद्र आहे, त्याचा कारभार वास्कोच्या हेडलँड सडा येथून, म्हणजे मुरगाव बंदराच्या अगदी माथ्यावरून चालतो. ज्या बंदरातून डिचोलीचे खनिज परदेशी गेले, त्याच बंदरावरील टेकडीवरून उत्तर ध्रुवाकडे शास्त्रज्ञ पाठविले जातात, ही गोष्ट आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल.

खाणकामगारांचे न्हाणीघर

नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील स्पिट्सबर्गेन या मुख्य बेटावर ७९ अक्षांशाच्या जवळ नी-ऑलेसुंड हे चिमुकले गाव वसले आहे. तेथून उत्तर ध्रुव उणापुरा सव्वाबाराशे किलोमीटर. १९२६ साली रोआल्ड आमुंडसेन आणि त्यांचे सहकारी ‘नॉर्गे’ नावाच्या हवाई जहाजातून ध्रुवावरून पलीकडे गेले ते याच गावातून, आणि ते जहाज बांधण्याचा लोखंडी मनोरा आजही तेथे उभा आहे. गाव मुळात वसले ते मात्र कोळशासाठी. ‘किंग्ज बे’ या कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे खाणी सुरू केल्या. अपघात वारंवार होत. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेल्या भीषण स्फोटात २१ कामगार दगावले. त्या दुर्घटनेचे पडसाद नॉर्वेच्या संसदेत उमटले, १९६३ साली सरकारलाही पायउतार व्हावे लागले, आणि खाण कायमची बंद झाली.

पुढे जे घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. गाव मोडून टाकण्यात आले नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे उपग्रहांशी संपर्क साधणारे केंद्र आले, नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचे संशोधन सुरू झाले आणि हळूहळू इतर देशांची केंद्रेही आली. कोळसा काढणारी ‘किंग्ज बे’ कंपनी आजही तेथेच आहे. फरक इतकाच की आता ती शास्त्रज्ञांना घरे, वीज, पाणी, जेवणखाण आणि धक्क्याची सोय पुरविते.

भारताची पहिली उत्तर ध्रुवीय मोहीम ऑगस्ट २००७ मध्ये येथे आली आणि १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्राचे उद्घाटन झाले. आपला तेथे पाय ठेवण्याचा हक्क मात्र त्याहून जुना आहे. स्वालबार्डविषयीचा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झाला, तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून भारताच्या वतीनेही त्यावर सही झाली होती. २०१६ साली भारताने गावाबाहेरच्या ‘ग्रुवेबादेत’ या वास्तूत आपली वातावरणीय प्रयोगशाळा थाटली. या नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ आहे खाणीचे न्हाणीघर! पाळी संपवून काळेकुट्ट झालेले कामगार जेथे अंग धूत, तेथे आता हवेतील धूलिकण मोजले जातात, ढगांची उंची आणि त्यांतून पडणाऱ्या हिमकणांची गती टिपली जाते, आणि वरच्या हवेचे तापमान व आर्द्रता सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने ओळखली जाते.

गोवा उभा करून पाहू

ग्रुवेबादेतमधील यंत्रांची दृष्टी मुख्यतः हवेच्या तळच्या थरापुरती, म्हणजे दहा-एक किलोमीटरपर्यंत जाते. त्याच्या वर काय आहे? मुलांना वातावरणाचे थर शिकविताना आकडे सांगितले की ते पाठ होतात, परंतु डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून वर्गात मी एक युक्ती योजतो. गोव्याचा नकाशा भिंतीवरून काढावा आणि कल्पनेने सरळ उभा करावा. पेडणे तालुक्याचे तेरेखोल तळाशी, म्हणजे समुद्रसपाटीला, आणि दक्षिण दिशा आकाशाकडे.

आता तेरेखोलहून सरळ वर निघू. पेडण्याची हद्द ओलांडून म्हापशाकडे वळण्याच्या सुमारास तपांबर, म्हणजे ढगांचे, पावसाचे, वादळांचे राज्य ध्रुवप्रदेशात संपलेले असते. पणजीपाशी येईतो आपण ओझोनच्या दाट थरात पोहोचतो. वास्कोच्या जवळपास हवामानखात्याचे फुगे फुटतात, कारण त्याहून वर हवा इतकी विरळ की फुगा तग धरत नाही. काणकोणच्या पोळे नाक्यापाशी मध्यांबराचे शेवटचे टोक येते. तेथे, सुमारे ८७ किलोमीटरांवर, रात्रीच्या हवेला स्वतःचा अतिमंद प्रकाश असतो. गोव्याची सीमा ओलांडून कारवार गाठले की शंभर किलोमीटर झाले. ध्रुवीय प्रकाशाच्या हिरव्या पडद्याची खालची किनार येथे झुलते. त्याच प्रकाशाची तांबडी छटा पार कुंदापूरपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर व त्याहूनही वर पसरते, आणि अंतराळवीरांचे स्थानक फिरते ते कण्णूरच्या आसपास.

वास्कोपर्यंत फुगा जातो. कण्णूरपासून पुढे उपग्रह सुखाने फिरू शकतात. परंतु मधल्या पट्ट्यात काय? तेथे फुग्याला आधार देण्याइतकी हवा नाही, आणि उपग्रहाला मात्र ती इतकी बाधते की तो फार काळ टिकत नाही. या मधल्या प्रदेशाला प्रत्यक्ष स्पर्श करू शकतो तो फक्त काही मिनिटे वर जाऊन खाली येणारा संशोधक अग्निबाण. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताने सोडलेला पहिला अग्निबाण याच प्रदेशाच्या अभ्यासासाठी होता, आणि नी-ऑलेसुंड येथूनही १९९७ पासून असे अग्निबाण सोडले जातात. एरवी या प्रदेशाची चाहूल जमिनीवर बसूनच घ्यावी लागते. त्यासाठी जी यंत्रे माणसाने घडविली, ती पाहण्याचे उत्तम ठिकाण स्वालबार्डमध्येच आहे.

दुपारी बारा वाजताचा अंधार

नी-ऑलेसुंडच्या दक्षिणेस, लाँगयिअरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य वस्तीपासून काही अंतरावर ब्राइनोसा नावाचा डोंगर आहे. त्यावर ५२० मीटर उंचीवर शेल हेन्रिक्सन वेधशाळा उभी आहे. ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका नॉर्वेजियन शास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले असून ती २००८ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या ‘हिमाद्री’च्याच वर्षी. योगायोग असा की याच डोंगरात ‘खाण क्रमांक सात’ ही कोळशाची खाण होती. स्वालबार्डमधील नॉर्वेची ती अखेरची कोळसाखाण २०२५ साली बंद झाली. खाणीसाठी केलेल्या रस्त्यानेच वेधशाळेकडे जावे लागते.

हीच जागा का निवडली? सूर्याकडून विद्युत्भारित कणांचा जो अखंड प्रवाह वाहत असतो त्याला सौरवात म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढालीसारखे हा प्रवाह अडविते. परंतु दोन्ही ध्रुवांजवळ, सूर्याकडच्या बाजूला, या ढालीत नरसाळ्याच्या आकाराची एक-एक फट आहे आणि तीतून हे कण थेट वातावरणात उतरतात. पृथ्वी फिरता फिरता स्वालबार्ड दुपारच्या सुमारास बरोबर या फटीखाली येते. मात्र फटीतून उतरलेल्या कणांचा मंद प्रकाश दिसायचा तर भर दुपारी अंधार हवा! स्वालबार्डमध्ये तोही मिळतो. नी-ऑलेसुंडला ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, आणि डिसेंबरच्या आसपास दुपारी बारा वाजताही आकाश काळेभोर असते. चुंबकीय फट आणि दुपारचा अंधार हा दुर्मीळ योग जेथे जुळून येतो, अशी वस्तीची ठिकाणे पृथ्वीवर जवळजवळ नाहीत.

यंत्रांची ओळख

वेधशाळेच्या लांबट इमारतीत सुमारे तीस छोट्या खोल्या ओळीने आहेत आणि प्रत्येकीच्या छपरावर पारदर्शक घुमट आहे. घुमटाखाली एकेक यंत्र वर तोंड करून बसलेले. त्यांतील काहींशी परिचय करून घेऊ.

पहिले यंत्र म्हणजे सर्वाकाश कॅमेरा. माशाच्या डोळ्यासारख्या त्याच्या फुगीर भिंगातून क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश एका वर्तुळात उतरते. प्रकाश कोठे उजळला, कोणत्या दिशेला सरकला, याची तो क्षणाक्षणाला नोंद ठेवतो.

दुसरा याम्योत्तर प्रकाशमापक. हा सारे आकाश पाहत नाही. फिरत्या आरशाच्या साहाय्याने चुंबकीय उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतची एकच रेघ तो पुन्हापुन्हा चाळतो, परंतु ठरावीक रंगांची तीव्रता अचूक मोजतो. येथे रंग म्हणजे शोभा नव्हे, पुरावा आहे. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा रंग ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा व तांबडा ६३० नॅनोमीटरचा, आणि दोन्ही प्राणवायूच्या अणूंचेच. मग रंग दोन का? वरून आलेल्या इलेक्ट्रॉनाने अणूला धक्का दिला की अणू उत्तेजित होतो आणि ती जास्तीची ऊर्जा प्रकाशरूपाने टाकून देतो. हिरवा प्रकाश टाकायला त्याला सेकंदाहून कमी वेळ पुरतो. तांबड्यासाठी मात्र सरासरी जवळजवळ दोन मिनिटे लागतात. खालच्या दाट हवेत दोन मिनिटे निवांत कोण राहू देणार? तेवढ्यात शेजारचा अणू येऊन आदळतो आणि ऊर्जा हिरावून घेतो. म्हणून तांबडा प्रकाश फक्त फार उंचावर, विरळ हवेत दिसतो. अर्थात रंग ओळखला की उंची कळते, आणि उंचीवरून आलेले कण किती जोराचे होते ते कळते.

तिसरा वर्णपटमापक. पोळे नाक्यापाशी, म्हणजे ८७ किलोमीटरांवर, रात्रीच्या हवेचा जो अतिमंद उजेड असतो, त्याचे हा यंत्रराज रेषारेषांत पृथक्करण करतो. हायड्रोजन व प्राणवायू यांच्या जोडअणूंपासून निघणाऱ्या रेषांच्या परस्पर तीव्रतेवरून तेथील तापमान काढता येते. हिवाळ्यात ते शून्याखाली साठ-सत्तर अंश असते. जेथे तापमापक नेऊन टांगणे अशक्य, तेथले तापमान जमिनीवर बसून वाचायचे, ही किमया साधी नव्हे. लाँगयिअरब्येनजवळ अशा नोंदी १९८० च्या दशकापासून ठेवल्या जात आहेत.

चौथा व्यतिकरणमापक, जो उंचावरील वारा मोजतो. पेडणे किंवा थिवी स्थानकातून गाडी भरधाव निघून जाते तेव्हा जवळ येताना तिची शिटी उंच स्वरात आणि दूर जाताना खालच्या स्वरात ऐकू येते. प्रकाशाचेही तसेच. चमकणारी हवा आपल्याकडे येत असेल तर तिच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित घटते, दूर जात असेल तर किंचित वाढते. हा फरक कल्पनातीत सूक्ष्म असतो, परंतु दोन समांतर काचपट्ट्यांमध्ये प्रकाश पुन्हापुन्हा परावर्तित करून तो पकडता येतो. अशा रीतीने अडीचशे किलोमीटरांवरच्या वाऱ्याची दिशा व वेग हाती येतात.

वेधशाळेच्या जवळच आइस्कॅट या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रचंड रडार आहे. त्याची ३२ मीटर व्यासाची फिरती तबकडी १९९६ मध्ये आणि ४२ मीटर व्यासाची स्थिर तबकडी त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली. ही दुसरी तबकडी पृथ्वीच्या चुंबकीय रेषेच्या दिशेने कायमची रोखलेली आहे. सुमारे एक मेगावॉट शक्तीच्या रेडिओलहरी वर सोडायच्या आणि आयनांबरातील मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला, नाममात्र उरलेला प्रतिध्वनी ऐकायचा. त्या क्षीण प्रतिध्वनीतून इलेक्ट्रॉनांची दाटी, त्यांचे तापमान, आयनांचे तापमान आणि आयनांची गती अशा चार गोष्टी उलगडतात. कॅमेऱ्याला ढग आडवे येतात, रडारला येत नाहीत.

याखेरीज अवकाशातून सतत येणारा रेडिओ-कोलाहल किती मंदावला ते पाहून आयनांबरातील खळबळ ओळखणारा रिओमीटर आहे, लेझर किरणांचा झोत सोडून परतलेल्या प्रकाशावरून हवेतील थर ओळखणारे लिडार नी-ऑलेसुंडच्या जर्मन-फ्रेंच केंद्रात आहे, आणि तेथूनच ओझोन मोजणारे फुगे आकाशात सोडले जातात. २०११ आणि २०२० च्या वसंतात उत्तर ध्रुवावरील ओझोन फार मोठ्या प्रमाणावर घटला, त्याचा माग ठेवण्यात अशा फुग्यांचा वाटा मोठा होता.

अलिबागची नातेवाईक

या साऱ्यांत एक यंत्र असे आहे की त्याची नातेवाईक आपल्या कोकणकिनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षे नांदते आहे. ते म्हणजे चुंबकत्वमापक. आकाशात ध्रुवीय प्रकाश नाचू लागला की तेथे लाखो अँपिअर विद्युत्प्रवाह वाहतात, आणि त्यांच्या प्रभावाने जमिनीवरील चुंबकसूची अस्वस्थ होते.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी इतिहासातील सर्वांत प्रबळ असे सौरवादळ पृथ्वीवर आदळले तेव्हा युरोप-अमेरिकेतील कित्येक यंत्रांच्या नोंदी पट्टीबाहेर गेल्या. त्या दिवसांची कुलाब्याची नोंद मात्र टिकली, आणि त्या वादळाची तीव्रता ठरविताना आजही जगभरचे शास्त्रज्ञ तिचा आधार घेतात. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री ध्रुवीय प्रकाश थेट मुंबईतून दिसल्याचेही नमूद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाले आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. या परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे आणि दक्षिण ध्रुवावरील भारतीय केंद्रांतही तिची यंत्रे काम करतात. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही या संस्थेने वरच्या वातावरणातील वारे मोजणारे रडार आणि रात्रीच्या हवेचा मंद प्रकाश टिपणारी उपकरणे चालविली आहेत.

एका दिवसाची नोंद कोणाच्या उपयोगी पडेल हे ती लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. १८५९ साली कुलाब्यात नियमाने काटा वाचणाऱ्या माणसाने फक्त आपले रोजचे काम केले होते.

याचा आपणास उपयोग काय?

हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो योग्यच आहे. मार्च १९८९ मध्ये अशाच एका चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा सुमारे नऊ तास खंडित केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी जवळजवळ ४० उपग्रह नष्ट झाले, कारण किरकोळ वादळानेही वरची हवा तापून फुगली आणि तिच्या विरोधाने ते खाली ओढले गेले. मे २०२४ मधील वादळ इतके मोठे होते की लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबडी आभा टिपता आली. आज मासेमारीस जाणारा आपला ट्रॉलर उपग्रहाच्या आधाराने दिशा ठरवितो, विमाने तशीच उडतात, आणि उपग्रहाचा तो संकेत आयनांबर ओलांडूनच खाली येतो. आयनांबर अस्थिर झाले की स्थान चुकते. विषुववृत्तालगतच्या आपल्या प्रदेशात तर सूर्यास्तानंतर ही अस्थिरता मुळातच अधिक असते.

दुसरी गोष्ट हवामानाची. कोळसा व तेल जाळून निघणारा कर्बद्विप्राणिद वायू जमिनीलगतची हवा तापवितो, परंतु तोच वायू वरच्या विरळ हवेत उष्णता अवकाशात फेकून देतो, त्यामुळे वरचे थर उलट थंड होत आहेत. वर्षानुवर्षांच्या नोंदींखेरीज हे कळले नसते. शिवाय उत्तर ध्रुव आपल्यापासून तितका दूरही नाही. वास्कोच्या केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि आपल्याकडील सप्टेंबरातील अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. भाताची कापणी तोंडावर आली असताना कोसळणाऱ्या पावसाचे दुःख पेडण्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

शांतता आणि अंधार

या यंत्रांना माणसांकडून फार काही लागत नाही. त्यांना दोन गोष्टी हव्यात, शांतता व अंधार. नी-ऑलेसुंडमध्ये पृथ्वीची गती मोजणाऱ्या दुर्बिणी अवकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी ऐकतात, म्हणून गावाभोवती वीस किलोमीटरांपर्यंत बिनतारी संदेशवहनावर कडक बंधने आहेत. भ्रमणध्वनी बंद ठेवावा लागतो. ब्राइनोसावर हिवाळ्यात नको तो दिवा लावणे हा अपराधच.

हे वाचून पेडण्याच्या किनाऱ्यावरील मोरजी आठवल्याखेरीज राहत नाही. तेथे समुद्रकासव अंडी घालण्यास येतात आणि अंड्यातून निघालेली पिल्ले क्षितिजावरील उजेडाकडे धाव घेऊन समुद्र गाठतात. किनाऱ्यावरचे दिवे झगमगू लागले की ती वाट चुकतात. अंधार ही उणीव नसून राखण्याजोगी ठेव आहे, हे तेथील शास्त्रज्ञाने ओळखले आहे. आपल्याकडे ते अजून ओळखायचे आहे.

गोव्याचा वारसा

गोव्यातून ध्रुवाकडे जाण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली दक्षिण ध्रुवीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी हिमभूमीवर उतरली. वास्कोचे केंद्र १९९८ मध्ये स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला ‘राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र’ असे नाव मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘हिमाद्री’ची पहिली हिवाळी मोहीम निघाली. तीत वास्कोच्या केंद्राबरोबर बेंगळूरूची रामन संशोधन संस्था, पुण्याची उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि मंडीची भारतीय तंत्रज्ञान संस्था सहभागी होत्या. ध्रुवरात्रीच्या अंधारात भारतीयांनी तेथे मुक्काम करून काम करण्याची ती सुरुवात होती.

मात्र येथे भाबडेपणा नको. नी-ऑलेसुंडमध्ये हिवाळ्यात तीस-चाळीस माणसे राहतात. डिचोलीच्या खाणींवर हजारो संसार चालले. एका वेधशाळेने तेवढ्या चुली पेटत नाहीत, आणि नॉर्वेच्या सरकारने त्या गावासाठी वर्षानुवर्षे पैसा ओतला हेही विसरता येत नाही. म्हणून ‘खाण गेली तर संशोधन आणा’ असा सोपा उपदेश मी करणार नाही.

मला दिसते ते वेगळे. वेधशाळा केवळ पंडितांवर चालत नाही. उणे वीस अंशांत घुमटावरील बर्फ पुसणारा, तबकडीचे दंतचक्र दुरुस्त करणारा, तुटलेली तार सांधणारा, जनित्र चालू ठेवणारा माणूस तेथे तितकाच आवश्यक असतो. यंत्राची ही जाण आपल्या खाणपट्ट्यातील घरांत आहे. ज्यांच्या वडिलांनी उत्खननयंत्रे चालविली, ज्यांच्या काकांनी बार्जींची इंजिने दुरुस्त केली, ती मुले आज आमच्या बाकांवर बसलेली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना वास्को म्हणजे बंदर आणि गाड्यांची गर्दी एवढेच ठाऊक आहे. तेथील टेकडीवरून ध्रुवाची वाट निघते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि मराठीतून तर नाहीच.

ते सांगणे हे घराचे व शाळेचे काम आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एखाद्या शाळेने पर्जन्यमापक ठेवावा, सकाळी ठरल्या वेळी पाऊस व तापमान वहीत लिहावे, आणि ती वही मुलांच्या एका तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावी. घरी गच्चीवरचा दिवा मालवून महिन्यातून एकदा अमावास्येचे आकाश पाहावे. पाहणे, लिहून ठेवणे आणि एकही दिवस न चुकविणे एवढ्याच शिस्तीवर कुलाबा चालले, अलिबाग चालले, आणि खाणीशेजारच्या त्या डोंगरावरील घुमटांखाली आजही तेच चालले आहे. ज्या मुलाने दहा वर्षांचा असताना अशी एक वही मनापासून लिहिली असेल, त्याला पुढे कोणत्याही यंत्रापुढे बसताना परकेपणा वाटणार नाही.